टाकीत ओतलेलं औषध कुठवर पोहोचतं?

गाडी-सल्ला : प्रश्न वाचकांचे, उत्तरं आमची

इंजिनात चढणारा कार्बन आणि त्यावर टाकीत ओतायच्या ॲडिटिव्हच्या बाटल्या, यांबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की संपूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं नाशिक शहरातली जास्त, काही निफाड-दिंडोरीकडची. प्रत्येक उत्तरात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, म्हणून ती आधीच सांगतो : टाकीत ओतलेलं औषध इंधनासोबत जातं. इंधन जिथे ओलं लागतं तिथेच ते काम करतं. त्यामुळे गाडीत कार्बन कुठे बसलाय हे आधी शोधायचं, बाटलीचं नंतर बघायचं.

माझी पेट्रोल हॅचबॅक २०१६ ची आहे, ६८,००० किलोमीटर झालीत. घर गंगापूर रोडला, ऑफिस कॉलेज रोडला, जाऊन-येऊन जेमतेम सात किलोमीटर. थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर पहिली दोन मिनिटं गाडी थरथरते, सिग्नलला आरपीएमची सुई वर-खाली होते आणि ॲव्हरेज १६ वरून १३ वर आलंय. गॅरेजवाले म्हणतात दर सर्व्हिसला एक बाटली टाका. टाकू का? कोणती, किती, कशी? — वाचक, गंगापूर रोड

टाका. पण दर सर्व्हिसला नको, आणि सगळ्यात आधी तर नकोच.

तुमच्या गाडीचं वापरणंच कार्बनला पोषक आहे. साडेतीन किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं तापत नाही. थंड इंजिनला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल देतो, ते नीट जळत नाही, आणि त्याची काजळी प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर आणि इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) मागच्या बाजूला बसते. क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) परत येणारी तेलाची वाफ त्याच व्हॉल्व्हवर चिकटते आणि वर थर चढत जातो. हा थर स्पंजसारखा असतो. सकाळी इंजेक्टरने मारलेलं पेट्रोल आधी तोच पिऊन घेतो, सिलिंडरला कमी मिळतं आणि गाडी थरथरते. इंजिन तापलं की त्रास जातो, तो यामुळेच.

आता तपासणीचा क्रम. पहिल्यांदा स्कॅनर लावून इंजिनच्या पाण्याचं तापमान बघा. गाडी पंधरा मिनिटं चालल्यावर ते साधारण ८५ ते १०० अंशांत यायला हवं. ६५-७० वरच अडकत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा राहिलाय (स्कॅनरवरचा पी०१२८ हा दोष-कोड बहुधा त्याचाच). असा थर्मोस्टॅट असेल तर कितीही बाटल्या ओता, इंजिन कायम थंडच समजून पेट्रोल ओतत राहणार आणि कार्बन पुन्हा चढणार. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत हा दोष ठळक दिसतो, उन्हाळ्यात लपून राहतो.

दुसरं, फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतोय तो आकडा. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे पाचच्या आत असेल तर उत्तम, दहापर्यंत चालेल. अधिक बारा-पंधरावर जाऊन बसला असेल तर नुसत्या आयडलवर (गाडी उभी, रेस न देता) बघू नका, २,५०० आरपीएमला रेस धरूनही बघा. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठेतरी हवा शिरतेय : फाटलेली व्हॅक्यूम नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट. उलट लोड वाढेल तसा ट्रिमही वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय : इंजेक्टर तुंबलेत, फिल्टर चोंदलाय किंवा पंप थकलाय. ॲडिटिव्हचा उपयोग या दुसऱ्या प्रकारात, आणि तोही इंजेक्टरपुरताच.

तिसरं, चारही प्लग काढून कागदावर सिलिंडरच्या क्रमाने मांडा. टोकाचं पांढरं सिरॅमिक फिकट बदामी दिसलं तर ज्वलन ठीक. बोटाला लागणारी कोरडी, मऊ काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड किंवा इंजिन थंड. ओलसर, चकाकणारा काळा थर म्हणजे तेल वर येतंय, आणि ते व्हॉल्व्ह सील किंवा रिंगचं काम आहे, बाटलीचं नाही. सिरॅमिकवर विटकरी-तांबूस पूड दिसली तर गाडीत आधी कोणीतरी लोह किंवा मँगनीजवालं ऑक्टेन बूस्टर ओतलंय. असला थर प्लगला शॉर्ट करतो आणि ऑक्सिजन सेन्सरलाही बाधतो.

सुई वर-खाली होण्याचं कारण बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, असते. तिच्या झडपेच्या कडेला काळा चिकट गोल जमतो. तिथून फक्त हवा जाते, पेट्रोल जात नाही, म्हणून टाकीतलं औषध तिथवर पोहोचत नाही. थ्रॉटल बॉडी क्लीनर कपड्यावर मारून पुसून घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन चालू ठेवून झडप बोटाने ढकलू नका, आतला गिअर जातो. पुसल्यावर स्कॅनरने आयडल रीलर्न करून घ्या, म्हणजे ईसीयू झडपेची नवी स्थिती शिकून घेतो. ते केलं नाही तर आरपीएम आधीपेक्षा जास्त नाचतील आणि ‘साफ केली म्हणून बिघडली’ असा गैरसमज होईल.

एवढं झाल्यावर बाटली. लेबलवर ‘क्लीनर’ लिहिलंय यावर जाऊ नका, आत काय आहे ते महत्त्वाचं. कंपनीच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये पॉलिईथर अमीन, म्हणजे पीईए, आहे का बघा. त्याच्या रेणूचं नायट्रोजनचं टोक कार्बनला चिकटतं, बाकीची शेपटी पेट्रोलमध्ये विरघळते आणि थर पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो. शिवाय ते उष्णतेला टिकतं, म्हणून व्हॉल्व्हसोबत ज्वलनकक्षातही काम करतं. पीआयबीए या जुन्या प्रकारचं औषध इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ करतं, पण जास्त झालं तर स्वतःच पिस्टनच्या डोक्यावर अवशेष सोडतं. डेटा शीटमध्ये नुसतं केरोसीनसारखं सॉल्व्हंट दिसलं तर बाटली दुकानात परत ठेवा.

प्रमाण लेबलवरच्या हिशेबाने काढायचं. समजा ३०० मिलीची बाटली ६० लिटरसाठी आहे, म्हणजे लिटरला ५ मिली. तुमची टाकी ३७ लिटरची असेल तर साधारण १८५ मिली. ‘थोडं जास्त घातलं की जास्त साफ’ असं इथे होत नाही, जास्तीचं औषध सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. टाकी पावपर्यंत आल्यावर पंपावर जा. आधी औषध ओता, मग टाकी भरा, म्हणजे पेट्रोलच्या धारेने ते ढवळलं जातं. नंतर ती टाकी शहरातच आठ-आठ मिनिटांच्या फेऱ्यांत संपवू नका. एक-दोनदा महामार्गाने घोटीपर्यंत किंवा सिन्नरपर्यंत जाऊन या. चौथ्या गिअरला २,५०० ते ३,००० आरपीएमवर सलग अर्धा तास चालली की सुटलेला थर जळून बाहेर पडतो. पुन्हा पाव टाकी राहिली की ताजं पेट्रोल भरा. टाकी पूर्ण कोरडी करू नका, कारण आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

ही टाकी संपली की इंजिन ऑइल बदला. म्हणूनच बाटली सर्व्हिसच्या आधीच्या टाकीला घालायची, सर्व्हिस झाल्यावर नाही. गॅरेजमध्ये नेमकं उलटं चालतं, नवं तेल घालून गाडी देताना बाटलीही ओतून देतात. तुमच्यासारख्या वापराला १०,००० किलोमीटरला एकदा पुरे. फरक कळायला एक टाकी लागते, थर जुना असेल तर लागोपाठ दोन. दोन टाक्यांनीही सकाळची थरथर गेली नाही तर तिसरी बाटली घेऊ नका, कॉइल, कॉम्प्रेशन आणि इंजेक्टरचा फ्लो तपासा.

गाडी टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, ५२,००० किलोमीटर. पहिल्यापासून दर सर्व्हिसला महागातलं ॲडिटिव्ह घातलंय. तरी थंड स्टार्टला मिस मारते, पी०३०० आणि पी०३०२ हे मिसफायरचे कोड येतात. कॉइल आणि प्लग बदलून झाले. आता ‘अक्रोड ब्लास्टिंग’ करा म्हणतात. हे फसवणुकीचं काम तर नाही? — वाचक, इंदिरानगर

फसवणूक नाही. उलट तुमच्या गाडीला हाच खरा उपाय आहे.

साध्या एमपीएफआय इंजिनात इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल मारतो, तीन-चार बारच्या दाबाने. व्हॉल्व्ह सतत धुतला जातो आणि पेट्रोलमधलं औषध त्याला लागतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये, २०० बार किंवा त्याहून जास्त दाबाने मारतो. व्हॉल्व्हवरून जाते ती फक्त हवा आणि क्रँककेसची तेलकट वाफ. थर चढतो, धुणारं कोणी नाही. ह्युंदाईची टर्बो जीडीआय, फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय, महिंद्राची एमस्टॅलियन टीजीडीआय, मारुतीचं १.० बूस्टरजेट ही सगळी याच पद्धतीची इंजिनं. तुम्ही आजवर घातलेलं औषध वाया गेलं असं नाही, पीईएने इंजेक्टरचं टोक साफ ठेवलं असेल आणि तेही गरजेचं आहे. पण व्हॉल्व्हला त्याचा एक थेंबही लागलेला नाही.

काम सांगण्याआधी बोरोस्कोपने व्हॉल्व्हचा फोटो मागा. इनटेक मॅनिफोल्ड किंवा सेन्सरच्या भोकातून कॅमेरा जातो. व्हॉल्व्हची दांडी आणि बशी जिथे मिळते तिथला गोलवा स्पष्ट दिसत असेल तर घाई नको. तिथे तव्याच्या बुडासारखी काळी, खरखरीत ढेकळं जमून गोलवा बुजला असेल तर काम करून घ्या.

पद्धत अशी. मॅनिफोल्ड उतरवतात. ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह बंद होतील अशा जागी क्रँक फिरवून आणतात. सगळा खेळ या एका पायरीवर आहे : व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला तर भुगा सिलिंडरमध्ये उतरतो. मग पोर्टवर ॲडॅप्टर बसवतात, एका बाजूने हवेच्या दाबाने अक्रोडाच्या कवचाचा भुगा मारायचा, दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. कवच कार्बनपेक्षा कडक आणि व्हॉल्व्हच्या पोलादापेक्षा मऊ, म्हणून ते निवडलं आहे. वाळू किंवा काचेचे मणी वापरणाऱ्याकडे गाडी देऊ नका, धातूवर ओरखडे पडतात आणि उरलेले कण सिलिंडर खरवडतात. एक-एक पोर्ट करून शेवटी हवेने झटकून पुन्हा कॅमेऱ्याने बघायचं. मॅनिफोल्डची गॅस्केट नवीच टाकायची, जुनी बसवली तर हवा शिरून तोच मिसफायर परत येतो आणि काम फुकट गेल्यासारखं वाटतं.

काही ठिकाणी मॅनिफोल्ड न खोलता चालू इंजिनच्या इनटेकमध्ये स्प्रे मारतात. कोवळ्या थरावर थोडा परिणाम होतो, पण ५०,००० नंतरचा थर त्याने तुकड्यांत सुटतो. हे तुकडे गरम टर्बाइनच्या पात्यांतून आणि कॅटॅलिटिकमधून (धूर साफ करणाऱ्या भागातून) जातात. टर्बो गाडीत हा धोका घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. द्रव एकदम जास्त ओतला तर सिलिंडरमध्ये साचून कनेक्टिंग रॉड वाकतो, ते वेगळंच.

पुन्हा थर लवकर चढू नये म्हणून तेलाकडे लक्ष द्या. डिपस्टिकवर तेल कमाल खुणेच्या वर जाऊ देऊ नका, जास्तीचं तेल वाफेतून थेट व्हॉल्व्हवर येतं. एपीआय एसपी दर्जाचं, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घाला. द्वारका चौकातल्या रांगेत रोज अर्धा तास उभी राहणारी गाडी असेल तर तेल ७,५०० किलोमीटरला किंवा वर्षाला बदला, यांपैकी जे आधी येईल ते.

कंपनी फिटेड सीएनजी गाडी. सकाळी पेट्रोलवर स्टार्ट होते तेव्हा दोन-तीनदा बंद पडते, गॅसवर गेली की मख्खन. पेट्रोल महिनोन्‌महिने तेच असतं. फुल टाकी करून ॲडिटिव्ह घालू का? — वाचक, नाशिकरोड

फुल टाकी अजिबात करू नका. तुमची गाडी दिवसाला दोन-चार मिनिटं पेट्रोल खाते, भरलेली टाकी सहा महिन्यांतही संपणार नाही आणि औषधही त्यात नुसतं पडून राहील.

गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, पण बसलेले असतात गरम इंजिनवरच. टोकाला राहिलेला थेंब शिजतो, हलका भाग उडून जातो आणि मागे राळेसारखा डिंक राहतो. वर टाकीतलं पेट्रोलही तीन-चार महिन्यांत शिळं होतं, त्यातला चटकन पेट घेणारा भाग आधी उडतो. म्हणून सकाळी नेमकं स्टार्टिंगलाच अडतं.

टाकी जवळजवळ राखीवपर्यंत येऊ द्या. लिटरला ५ मिलीच्या हिशेबाने ५० मिली औषध आणि १० लिटर ताजं पेट्रोल घाला. गॅसचं बटण बंद ठेवून दीडशेच्या आसपास किलोमीटर पेट्रोलवरच चालवा. त्र्यंबकेश्वरच्या दोन फेऱ्या आणि शहरातलं थोडं, इतकं होतं. पुढे आठवड्यातून एकदा १०-१५ किलोमीटर पेट्रोलवर चालवायची सवय ठेवा आणि टाकीत पाच ते दहा लिटरपेक्षा जास्त साठवू नका. पण काटा राखीवखालीही ठेवू नका, पंप कोरडा पडतो.

गॅसवर झटके देणारी गाडी हा वेगळा प्रश्न. तिथे गॅस इंजेक्टरमध्ये कॉम्प्रेसरमधून आलेलं तेल बसतं, पेट्रोलमधलं औषध त्या वाटेला जातच नाही. त्यासाठी गॅसचा लो-प्रेशर फिल्टर, प्लगची गॅप आणि कॉइल बघा. गॅस पेटायला ठिणगी जास्त जोराची लागते, थकलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो पण गॅसवर उघडा पडतो.

द्राक्षाच्या क्रेट वाहणारी डिझेल पिकअप, बीएस-४. चढाला काळा धूर, ताकद कमी. ड्रमात डिझेल साठवून वापरतो. गावात कोणी म्हणतं डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घाला, कोणी म्हणतं डिझेल क्लीनर घाला. — वाचक, पिंपळगाव बसवंत

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी हवेचा रस्ता बघा. बागेतल्या मातीच्या रस्त्यावर, छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत, एअर फिल्टर पुस्तिकेतल्या अंतराच्या खूप आधी भरतो. काढून उन्हाकडे धरा. घड्यांतून उजेड दिसत नसेल तर बदला. कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेरून आत झोडपू नका, कागद फाटतो आणि माती थेट टर्बोत जाते. नंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप हाताने चाचपा. क्लिपजवळ तेलाचा ओला डाग आणि त्यावर माती चिकटलेली दिसली तर तिथूनच दाब निसटतोय. रेस दिल्यावर ‘फुस्स’ आवाज येतो तोही त्याचाच.

मग ईजीआर व्हॉल्व्ह. काजळी बसून तो उघडा अडकला की जळलेला धूर परत आत येतो आणि ताज्या हवेची जागा खातो. त्यावरून डिझेल जात नाही, म्हणून डिझेलमधलं औषध त्याला साफ करू शकत नाही. काढून क्लीनरने धुवावा लागतो, विजेची मोटर असलेला भाग द्रवात बुडवायचा नाही. ‘पत्रा मारून बंद करून टाकू’ असं कोणी म्हणालं तर नकार द्या, तो प्रदूषण नियंत्रणाचा भाग आहे.

एवढं करून धूर राहिला तर इंजेक्टर, आणि इथे डिझेल क्लीनर खरंच कामाचं. डिटर्जंटवालं घ्या, लेबलच्या प्रमाणात, लागोपाठ दोन टाक्या. पण त्याआधी फिल्टर बदला, कारण सुटलेला डिंक आधी तिथेच अडकतो आणि जुना फिल्टर चोंदून गाडी रस्त्यात बंद पडते. औषधाने फरक पडला नाही तर इंजेक्टर बेंचवर तपासून घ्या, टोक झिजलं असेल तर कोणतंही द्रव ते भरून आणत नाही.

टू-स्ट्रोक ऑइल घालू नका. डिझेलला लागणारा ओशटपणा रिफायनरीतच घातलेला असतो, वरून घातलेलं तेल फक्त जास्त काजळी आणि राख देतं.

तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट ड्रम आहे. रात्री गार, दिवसा तापतो, आत दव धरतं आणि पाणी तळाशी बसतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते, फिल्टरमध्ये दिसणारा तो काळा-तपकिरी बुळबुळीत गाळ तीच. ड्रम थोडा तिरका ठेवा, पंपाची नळी तळापासून चार बोटं वर राहू द्या, पावसाळ्यात आठवड्याला तळाचं पाणी काढा आणि गाडीच्या फिल्टरखालचा वॉटर सेपरेटरही उघडून बघा. कॉमन रेल इंजेक्टर पाण्याने जितके मेले आहेत तितके कार्बनने मेलेले नाहीत.

बीएस-६ डिझेल एसयूव्ही, डीपीएफचा दिवा लागतो. दुकानदार म्हणतो टाकीत डीपीएफ क्लीनर घाला. शिवाय डीईएफ हेही टाकीतच घालायचं असतं का? — वाचक, कॉलेज रोड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण चूक महागात पडते. डीईएफ म्हणजे पाण्यात ३२.५ टक्के युरिया. त्याची टाकी वेगळी असते, झाकण बहुतेक निळं. डिझेलच्या टाकीत चुकून घातलं तर गाडी स्टार्ट करू नका, इग्निशनसुद्धा लावू नका. टो करून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या. एकदा ते हाय-प्रेशर पंपात गेलं की खडे बसतात आणि गंज चढतो.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा, काजळी अडवणारा फिल्टर. त्याचा दिवा स्थिर असेल तर आधी गाडीला तिचं काम करू द्या. फिल्टरमधली काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते सीबीएस ते कॉलेज रोड येत नाही. उड्डाणपुलावरून महामार्ग धरा आणि ओझरच्या पुढे २० मिनिटं, ताशी साठच्या वर, २,००० आरपीएमच्या वर चालवा. मध्येच आयडल वाढलं, पंखा जोरात सुरू झाला, क्षणाचं ॲव्हरेज घसरलं तर रीजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळणं, चालू आहे, गाडी बंद करू नका. अर्धवट सोडलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडं डिझेल तेलात उतरतं. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते ती त्यामुळे, आणि तशी दिसली तर तेल लगेच बदला.

टाकीतलं डीपीएफ औषध काजळी थोड्या कमी तापमानाला पेटायला मदत करतं, बस. राख मात्र जळत नाही, ती तेलातून येते आणि साठतच जाते. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडीने स्वतःच ताकद कमी करून ठेवली असेल तर महामार्गाचा प्रयोग नको, सर्व्हिस सेंटरला न्या.

‘हायड्रोजन डीकार्ब’ची मशीन लावून पाऊण तासात इंजिन नव्यासारखं करतो म्हणतात. — वाचक, सिडको

ही मशीन पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजन तयार करून एअर इनटेकमध्ये सोडते, गाडी आयडलवर चालू असते. आता त्या वायूचा मार्ग डोळ्यांसमोर आणा. थ्रॉटल, मॅनिफोल्ड, इनटेक व्हॉल्व्ह या सगळ्यांवरून तो न जळता, गारच जातो. जळतो तो सिलिंडरमध्ये गेल्यावर. मग व्हॉल्व्हवरचा थर त्याने कसा निघावा? इंजेक्टरच्या आतला डिंक तर त्याच्या वाटेतच नाही. राहिला पिस्टनवरचा कार्बन, पण आयडलवर सिलिंडर तापतो कितीसा? त्यापेक्षा जास्त उष्णता इगतपुरीच्या चढावर भरलेल्या गाडीला फुकट मिळते.

करून घ्यायचंच असेल तर आधी आणि नंतर बोरोस्कोपचा फोटो त्याच सिलिंडरचा, त्याच कोनातून मागा. सायलेन्सरमधून निघालेलं पाणी आणि काळे ठिपके पुरावा नाहीत, थंड गाडी आयडलवर ठेवली की कोणत्याही सायलेन्सरमधून ते निघतात.

जुने ड्रायव्हर पेट्रोलमध्ये डांबराच्या गोळ्या टाकायचे. रॉकेल, थिनर हेही ऐकलंय. — वाचक, पंचवटी

एकही नको. नॅफ्थलीनच्या गोळ्या विरघळतात खऱ्या, पण पेट्रोल उडून गेलं की ते इंजेक्टरच्या टोकाला पुन्हा गोठतं. आणि आज दुकानात मिळणाऱ्या कपाटातल्या कित्येक गोळ्या नॅफ्थलीनच्या नसून क्लोरीन असलेल्या रसायनाच्या असतात, ते जळलं की आम्ल होऊन धातू खातं. रॉकेलने ऑक्टेन पडतो, इंजिन टकटक करू लागतं आणि काजळी वाढते. थिनर आणि ॲसिटोन पंपाची सीलं आणि रबरी नळ्या फुगवतात, पेट्रोलची गळती सुरू होते. कार्बन जाईल की नाही ते पुढचं, आग लागेल ही भीती आधी.

महाग ‘प्रीमियम’ पेट्रोल भरलं तर बाटली लागणार नाही ना? — वाचक, अंबड

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. ९५ किंवा १०० हा आकडा ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोल दाबाखाली आपोआप पेट न घेण्याचा. त्याने काहीही साफ होत नाही. साफ करतं ते त्यात घातलेलं डिटर्जंट. ते रोजच्या रोज थोडं थोडं मिळतं म्हणून नवा थर बसू देत नाही, पण बसलेला जाड थर काढायला त्याचं प्रमाण पुरत नाही. साध्या एमपीएफआय गाडीला पुस्तिकेत जास्त ऑक्टेन सांगितलेला नसेल तर वर्षभर प्रीमियमवर जाणारे पैसे एका चांगल्या पीईए बाटलीत आणि वेळेवर बदललेल्या तेलात जास्त कामी येतात.

२०१२ ची गाडी. ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज कमी झालंय. कार्बन झाला म्हणून ‘इथेनॉल ट्रीटमेंट’ घातलं, फरक नाही. — वाचक, सातपूर

पडायचाही नाही. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळल्यावर लिटरची ऊर्जा शुद्ध पेट्रोलच्या मानाने सुमारे सात टक्क्यांनी, आणि ई-१० च्या मानाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. बाटलीत ऊर्जा नसते, ती भर कुठून काढणार? तुमची घट याहून बरीच जास्त असेल तरच दुसरं कारण शोधा : टायरची हवा, घासणारे ब्रेक, ऑक्सिजन सेन्सर.

तुमच्या गाडीत लक्ष द्यायची जागा वेगळी आहे. इथेनॉल चांगला सॉल्व्हंट असल्याने टाकीत वर्षानुवर्षं बसलेला डिंक तो सोडवतो आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो, म्हणून फिल्टर एकदा बदला. इंजिनकडे जाणारी रबरी नळी वाकवून बघा. बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला, हाताला चिकट लागली, तर इथेनॉलला चालणारी नवी टाका. बाटलीतलं औषध गंज काही प्रमाणात रोखेल, पण जुन्या रबराला इथेनॉल सोसायला शिकवणार नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवण्यापेक्षा भरून ठेवा, वर मोकळी हवा कमी राहिली की पाणीही कमी शोषलं जातं.

फ्युएल इंजेक्शनच्या स्कूटरला हेच औषध चालेल का? — वाचक, आडगाव

चालेल, फक्त प्रमाण सांभाळा. पाच लिटरच्या टाकीला, लिटरला ५ मिलीच्या हिशेबाने, २५ मिली. झाकणाने अंदाजे ओतू नका, मेडिकलमधून सुईविना मोठी सिरिंज आणा आणि मोजून घाला. औषध रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, डाग पडतो. दोन टाक्या ओळीने झाल्या की ऑइल बदला. स्कूटरचं ऑइल लिटरभराहून कमी असतं, त्यामुळे थोडंसं औषध उतरलं तरी ते लवकर पातळ होतं. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि पुढच्या सर्व्हिसच्या आधीच्या टाकीला वापरा.